पावत्यांची मोजणी आणि मतांची मोजणी : मुंबईच्या गिरणी कामगार संघटनांची वाढ, रत्नागिरीचा चाकरमानी आणि अमेरिकन अनुभव (१९२८ ते १९५०)

प्रस्तावना

मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास हा बऱ्याच अंशी रत्नागिरी जिल्ह्याचाही इतिहास आहे. १९११ च्या जनगणनेत मुंबईतील गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे कामगार रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले आढळले. त्या वेळच्या जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही समाविष्ट होता. तो १९८१ मध्ये वेगळा झाला. देशावरून व उत्तर भारतातून येणाऱ्यांची संख्या वाढत गेल्यामुळे १९३१ पर्यंत हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशावर आले. तरीही गिरणगावातील चाळींचे, खाणावळींचे व गावमंडळांचे वळण कोकणीच राहिले. जिल्ह्याच्या स्थानिक इतिहासलेखनात हा चाकरमानी मनीऑर्डर पाठविणारा, शिमग्या-गणपतीला येणारा आणि शाळेला व देवळाला देणगी देणारा म्हणून भेटतो. कामगार संघटनेचा सभासद म्हणून तो क्वचितच भेटतो. वास्तविक विसाव्या शतकाच्या मध्यास ज्या संघटना वाढल्या, फुटल्या आणि कायद्याच्या चौकटीत बसविल्या गेल्या, त्यांचा कणा याच माणसाचा होता.

त्याच काळात अमेरिकेतही कामगार संघटनांची अभूतपूर्व वाढ झाली. १९३३ च्या सुमारास तेथील संघटित कामगारांची संख्या तीस लाखांच्या आसपास होती. दुसरे महायुद्ध संपताना ती एक कोटी चाळीस लाखांच्या घरात गेली आणि १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास शेतीबाहेरील कामगारांपैकी सुमारे एक तृतीयांश संघटित झाले. मुंबईतही सभासदसंख्येचे आकडे फुगले. परंतु आकड्यांवरून वाढ मोजण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. अनेक संघटनांपैकी कामगारांची खरी संघटना कोणती, हे कोणी आणि कसे ठरविले? प्रस्तुत लेखात या एका प्रश्नाच्या आधारे मुंबईतील घडामोडींचा विचार केला असून, अमेरिकेचा अनुभव तुलनेपुरताच घेतला आहे.

खेडे, खोत आणि खोली

सावर्डे, असुर्डे, वहाळ, डेरवण या चिपळूण तालुक्यातील परिसराप्रमाणेच संपूर्ण दक्षिण कोकणात शेतीची स्थिती बिकट होती. जमीन डोंगरउताराची, पीक पावसाळी भाताचे आणि वरकस जमिनीत नाचणी-वरीचे. त्यावर खोतीची पद्धत. कुळाच्या पिकातील मोठा वाटा खोताकडे जाई आणि वेठही करावी लागे. चार महिन्यांच्या शेतीत कुटुंबाचे वर्ष निघत नसे. घरातील कर्ता पुरुष वा थोरला मुलगा मुंबईस जाई; बायका, म्हातारी माणसे व मुले जमीन धरून गावी राहत. कोकण रेल्वे येण्यास अजून कित्येक दशके अवकाश होता. चिपळूणजवळच्या गोवळकोट बंदरातून खाडीमार्गे दाभोळ आणि तेथून आगबोटीने मुंबई, असा हा प्रवास असे.

मुंबईत उतरलेल्या माणसाचा पहिला आधार म्हणजे गावाची खोली. एका खोलीत एकाच गावचे वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपत, सामान दोरीवर टांगत आणि भाडे वाटून घेत. जेवण खाणावळीत. खाणावळ चालविणारी बाईही बहुधा आपल्याच मुलखातली. काम मिळे ते जॉबरच्या ओळखीने. जॉबर हा भरती करणारा, कामावर देखरेख करणारा आणि प्रसंगी व्याजाने पैसे देणारा, असा त्रिविध सत्ताधारी होता. सकाळी गिरणीच्या दारात उभे राहून कोणाचा खाडा पडला तर त्याच्या जागी दिवस भरणारा तो बदली कामगार. पुष्कळांची उमेदीची वर्षे या बदलीतच गेली. १९३५ मध्ये मालक संघाने बदली नियंत्रण योजना आणली, ती जॉबरच्या याच सत्तेला आळा घालण्याच्या हेतूने.

या व्यवस्थेचे संघटनेच्या दृष्टीने दोन परिणाम झाले, आणि ते परस्परविरोधी होते. गावाशी नाते तुटले नसल्यामुळे संप लांबला की कामगार गावी जाऊ शके. भाताची लावणी-कापणी हाताशी असे आणि पोटापुरते काहीतरी मिळे. खाणावळवाली उधारीवर जेवू घाली. संपकाळातील ही उधारी कोणत्याही संघटनेच्या जमाखर्चात नोंदली गेली नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले तेव्हा कुठे या स्त्रियांच्या श्रमाला संघटनेचे रूप मिळाले. मुंबईचे संप जगातील दीर्घ संपांत गणले जातात, त्यामागे ही गावची शेती व ही उधारी आहे. दुसरीकडे, गावी गेलेला बदली कामगार नियमितपणे वर्गणी भरणारा सभासद होऊ शकत नव्हता. संपात तो असे. नोंदवहीत मात्र नसे. पुढे कायद्याने नोंदवहीलाच प्रमाण मानले तेव्हा हा फरक निर्णायक ठरला.

१९२८ : लाल बावट्याची भरती आणि ओहोटी

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बाँबे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मिळविली, तेथपासून या चळवळीची सुरुवात मानली जाते. १९२६ मध्ये ना. म. जोशी यांच्या नेतृत्वाखाली बाँबे टेक्स्टाइल लेबर युनियन स्थापन झाली. जोशी हे कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीच्या परंपरेतील संयमी व अभ्यासू नेते. परंतु सामान्य कामगाराच्या तोंडी संघटनेचे नाव रुळले ते १९२८ च्या संपाने.

त्या वर्षी मालकांनी काटकसरीच्या नावाखाली विणकरांना दोनऐवजी तीन साचे सांभाळण्यास सांगितले आणि वेतनाच्या दरांत फेरबदल सुचविले. एप्रिलमध्ये सुरू झालेला संप ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे सुमारे सहा महिने चालला. संप चालू असतानाच मे महिन्यात गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. गिरणीतूनच पुढे आलेले अर्जुन आळवे तिचे अध्यक्ष होते, आणि श्री. अ. डांगे सरचिटणीस. प्रारंभी काहीशे सभासद असलेल्या या युनियनची संख्या वर्षअखेरीस पन्नास हजारांवर गेली. प्रत्येक गिरणीत कामगारांच्या समित्या उभ्या राहिल्या आणि जॉबरला वळसा घालून तक्रार मांडण्याची एक वाट प्रथमच निर्माण झाली.

या यशात एक उणीव होती, आणि तिचा संबंध याच जिल्ह्याशी येतो. विणकाम खात्यात वेतन अधिक असे. पण त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, तेव्हा विटाळ होतो, असे कारण सवर्ण कामगार सांगत. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे मूळ गाव असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न उपस्थित केला. ही बंदी उठविण्याची मागणी युनियनने करावी, असा त्यांचा आग्रह होता. नेत्यांनी ती मान्य केली, तीही काहीशी अनिच्छेने. गावातील जातव्यवस्था गावाच्या खोलीबरोबरच मुंबईत आली होती आणि ती साच्यापर्यंत पोहोचली होती. वर्गीय एकजुटीचे गोडवे गाणाऱ्या अनेक लेखकांनी या प्रसंगास तळटीपेचे स्थान दिले, हे योग्य म्हणता येणार नाही.

मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी नेत्यांची धरपकड झाली. त्यात डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर यांच्याबरोबर आळवे आणि कासले हे गिरणी कामगारही होते. एप्रिलमध्ये दुसरा सार्वत्रिक संप पुकारला गेला. तो फसला आणि युनियनची सभासदसंख्या जितक्या वेगाने वाढली होती तितक्याच वेगाने ओसरली. तथापि १९३४ मध्ये पुन्हा सार्वत्रिक संप झाला आणि १९४० मध्ये महागाई भत्त्यासाठी आणखी एक. नोंदवहीत संघटना जवळजवळ नाहीशी झालेली, पण हाक आली की गिरण्या बंद, अशी ही स्थिती होती. सभासदसंख्या आणि प्रभाव या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मुंबईइतके स्पष्टपणे फार थोड्या शहरांत दिसते.

अमेरिकेतील कायदा आणि मतपेटी

त्याच १९३४ च्या सप्टेंबरात अमेरिकेतही कापड कामगारांचा मोठा संप झाला. सुमारे चार लाख कामगार त्यात सहभागी होते. तो चिरडला गेला. यानंतरच्या वर्षी, जुलै १९३५ मध्ये, अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत वॅग्नर कायदा संमत झाला. त्याचा गाभा साधा होता. कामगारांना संघटित होण्याचा व सामुदायिक वाटाघाटीचा हक्क आहे. मालकाने त्यात ढवळाढवळ करू नये. आणि एखाद्या कारखान्यात कोणती संघटना प्रातिनिधिक, याविषयी वाद असेल तर राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने कामगारांचे गुप्त मतदान घ्यावे. बहुमत मिळविणारी संघटना ही तेथील सर्व कामगारांची एकमेव प्रतिनिधी ठरे. सभासद नसलेल्या कामगारालाही मत होते.

कायदा झाला म्हणून संघटना वाढली, असे सरळ समीकरण मांडणे चुकीचे ठरेल. मिशिगनमधील फ्लिंट येथे मोटार कामगारांनी डिसेंबर १९३६ ते फेब्रुवारी १९३७ असे ४४ दिवस कारखान्यात ठाण मांडून जनरल मोटर्सला नमविले. एप्रिल १९३७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने वॅग्नर कायदा वैध ठरविला, त्याच्या आधीची ही घटना आहे. लढा आधी, कायद्याचे बळ नंतर, असाच क्रम तेथेही दिसतो. मात्र लढ्यात मिळविलेले टिकवून धरण्याचे साधन कायद्याने दिले. जे कामगार संपात होते तेच मतदानाला आले, आणि त्यांचा कौल अधिकृतपणे नोंदला गेला. १९५० मध्ये मोटार कामगारांच्या संघटनेने जनरल मोटर्सशी पाच वर्षांचा करार केला. निवृत्तिवेतन आणि राहणीमानाच्या खर्चाशी जोडलेली वेतनवाढ त्यात होती. मागे बहुमताने निवडलेली संघटना नसती तर हे शक्य झाले नसते.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. दक्षिणेकडील कापड गिरण्यांत १९३४ च्या पराभवाची दहशत इतकी खोल होती की, १९४६ मध्ये तेथे हाती घेतलेली संघटना बांधणीची मोहीम अपयशी ठरली. मतपेटी होती, पण तिच्यापर्यंत जाण्याचे धैर्य नव्हते. शिवाय १९४६ मध्ये सुमारे ४६ लाख कामगार संपावर गेल्यानंतर प्रतिक्रिया उमटली आणि १९४७ चा टॅफ्ट-हार्टली कायदा अध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून संमत झाला. संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना आपण कम्युनिस्ट नसल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागू लागले. मुंबईतही याच सुमारास कम्युनिस्ट नेते तुरुंगात होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मुंबईचा कायदा : १९३८ ते १९४६

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळ गंगाधर खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आले. खेर हे जन्माने रत्नागिरीचे. कामगार खात्याचे काम पार्लमेंटरी सेक्रेटरी म्हणून गुलझारीलाल नंदा पाहत. नंदा यांची घडण अहमदाबादच्या मजूर महाजनात झाली होती. गांधीजींच्या प्रेरणेने १९२० मध्ये उभ्या राहिलेल्या त्या संघटनेत लवादाला संपापेक्षा वरचे स्थान होते. अहमदाबादचा हा विचार मुंबईच्या कायद्यात उतरला. १९३८ च्या औद्योगिक कलह कायद्याने समेटाची कार्यवाही सक्तीची केली आणि ती पुरी होण्यापूर्वीचा संप बेकायदेशीर ठरविला.

या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट त्यात एकत्र आले. संप करण्याचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव होय, अशा आशयाची भूमिका आंबेडकरांनी विधिमंडळात मांडली. त्याच वर्षी जानेवारीत खोती रद्द व्हावी म्हणून शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला होता, आणि त्यातही हेच दोन प्रवाह एकत्र होते. रत्नागिरीच्या कुळाचा प्रश्न आणि मुंबईच्या कामगाराचा प्रश्न दहा महिन्यांच्या अंतराने एकाच व्यासपीठावरून मांडले गेले; कारण पुष्कळदा कूळ आणि कामगार एकाच घरातले असत. खोती कायद्याने रद्द झाली ती १९४९ मध्ये. कामगार कायद्याची दिशा मात्र बदलली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर नंदा कामगारमंत्री झाले आणि १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. त्याची अंमलबजावणी १९४७ पासून सुरू झाली. एका स्थानिक क्षेत्रातील संपूर्ण उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक संघटना, ही त्यातील मध्यवर्ती कल्पना. ती ठरविण्याची रीत अशी : विशिष्ट काळात कामगारांच्या ठराविक शेकडा प्रमाणात वर्गणीदार सभासद असल्याचे संघटनेने निबंधकास दाखवावयाचे. मान्यताप्राप्त संघटनेने समेटाचे व लवादाचे सर्व मार्ग संपल्याखेरीज संपाचा पुरस्कार करावयाचा नाही, हे बंधनही होते. त्या बदल्यात तिच्या पदाधिकाऱ्यांना गिरणीच्या आवारात वर्गणी गोळा करण्याचा अधिकार मिळे, आणि औद्योगिक न्यायालयात कामगारांच्या वतीने बोलण्याचा मान तिचाच राही.

वॅग्नर कायदा आणि हा कायदा यांच्यात वरवर बरेच साम्य आहे. दोहोंत एकमेव प्रतिनिधीची कल्पना आहे आणि अनेक संघटनांच्या स्पर्धेतून होणारा गोंधळ टाळण्याचा हेतू आहे. फरक मोजणीत आहे. अमेरिकेत सर्व कामगारांची मते मोजली गेली. मुंबईत सभासदांच्या पावत्या मोजल्या गेल्या. पावती मोजण्याच्या पद्धतीचे समर्थन करणारे म्हणत की, नियमित वर्गणी देणारा हाच जबाबदार सभासद. क्षणिक उत्साहात दिलेल्या मतापेक्षा त्याचे वजन अधिक. या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. १९२८-२९ ची भरती-ओहोटी कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होती. तथापि गिरणीच्या दारात वर्गणी घेण्याची मुभा एकाच संघटनेला देऊन नंतर पावत्या मोजणे, हे मोजणीच्या निःपक्षपातीपणाशी सुसंगत नव्हते. शिवाय बदली कामगार, गावी गेलेला कामगार, उधारीत बुडालेला कामगार यांना या मोजणीत जागाच नव्हती.

१९५० : परळमधील दोन इमारती

या कायद्याच्या आधारे मुंबईच्या कापड उद्योगात राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही प्रातिनिधिक संघटना झाली. मे १९४७ मध्ये स्थापन झालेल्या इंटकशी ती संलग्न होती आणि गं. द. आंबेकर हे तिचे प्रमुख नेते. परळची ‘मजदूर मंझिल’ हे तिचे कार्यालय. लाल बावट्याची दळवी बिल्डिंगही परळमध्येच. एकीकडे वकील, अर्ज व निवाडे यांची वर्दळ, तर दुसरीकडे सभांची. दोन्ही ठिकाणी जाणारी माणसे पुष्कळदा एकाच चाळीतली असत. तक्रार घेऊन मजदूर मंझिलला जावयाचे आणि संपाला लाल बावट्याच्या हाकेने उतरावयाचे, असा व्यवहारी विवेक कामगारांनी अंगी बाणविला होता.

संघाने काहीच मिळविले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९४७ च्या औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने गिरणी-गिरणीतील वेतनदरांची विषमता जाऊन प्रमाणित वेतनश्रेणी आली. किमान मूळ वेतन २६ दिवसांच्या महिन्यास ३० रुपये ठरले आणि महागाई भत्ता वेगळा. १९२८ पासून सर्वच संघटना ज्या प्रमाणीकरणासाठी झगडत होत्या, ते न्यायालयातून पदरात पडले. त्याचे श्रेय एकट्या संघाचे नाही. परंतु न्यायालयीन मार्गाची उपयुक्तता त्यातून नक्कीच दिसली.

कसोटीचा प्रसंग १९४९ सालच्या बोनसच्या निमित्ताने आला. औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने कामगारांचे समाधान झाले नाही. कम्युनिस्ट नेतृत्व तुरुंगवासाने विस्कळित झालेले होते. ती पोकळी समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने भरून काढली आणि अशोक मेहता यांच्या नेतृत्वाखाली १४ ऑगस्ट १९५० रोजी संप सुरू झाला. सुमारे दोन लाख कामगार बाहेर पडले. कायद्याच्या दृष्टीने सभेला बोलण्याचा अधिकारच नव्हता. संप बेकायदेशीर ठरला. तो ६३ दिवस चालला आणि १६ ऑक्टोबरला काहीही पदरात न पडता मागे घेण्यात आला.

याच संपाच्या काळात, ऑगस्टअखेरीस, त्याच बोनसच्या वादात श्रम अपील न्यायाधिकरणाने आपला निर्णय दिला. घसारा, यंत्रांचे पुनर्वसन, कर आणि भांडवलावरील परतावा वजा जाता उरणाऱ्या रकमेत कामगारांचा वाटा राहील, असे सूत्र त्यात घालून देण्यात आले. पुढे देशभर बोनसचे वाद याच सूत्राने सोडविले गेले. वादातील पक्षकार दोन होते : मालक संघ आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ. दोन लाख कामगार ज्या प्रश्नावर रस्त्यावर होते, त्याच प्रश्नाचा निकाल त्यांनी न निवडलेल्या संघटनेच्या नावे लागत होता. त्याच वर्षी डेट्रॉइटमध्ये झालेला करार आणि मुंबईतील हा निवाडा शेजारी ठेवले, तर दोन कायद्यांतील अंतर वेगळे सांगावे लागत नाही.

अपयशी संपानंतर संघाची सभासदसंख्या घटली नाही. कामावर परतणाऱ्यास संरक्षण देऊ शकणारी कायदेशीर संघटना तीच होती. नोंदवहीतील ही वाढ खरी होती. तिचा अर्थ मात्र निष्ठा असा लावता येत नाही. १९५५-५६ च्या संयुक्त महाराष्ट्र आंदोलनात गिरणगाव रस्त्यावर उतरले, ते संघाशी ज्या पक्षाचे नाते होते त्या सत्ताधारी पक्षाच्या विरोधात.

मोजणीचा प्रश्न त्यानंतरही सुटला नाही. पी. बी. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ च्या अहवालात पडताळणी की गुप्त मतदान, याचा निर्णय स्वतंत्र औद्योगिक संबंध आयोगावर सोपवावा असे सुचविले. महाराष्ट्राने १९७१ मध्ये संघटना मान्यतेचा नवा कायदा केला. त्यातही तीस टक्के सभासदत्वाचीच कसोटी राहिली आणि कापड उद्योगाला तर १९४६ चाच कायदा लागू होता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा वेतनवाढीच्या बरोबरीने १९४६ चा कायदा रद्द करावा ही मागणी होती. सरकारने ती मान्य केली नाही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला तसे रत्नागिरी-सिंधुदुर्गचे पुष्कळ कामगार, १९२८ मध्ये गेले होते तसेच, लावणीसाठी गावी गेले. संप कधीच औपचारिकपणे मागे घेतला गेला नाही. निबंधकाच्या नोंदवहीत प्रातिनिधिक संघटना म्हणून या काळातही राष्ट्रीय मिल मजदूर संघाचेच नाव होते, आणि गावी गेलेल्यांपैकी हजारोंना गिरणीत परत येता आले नाही.